कॅन्सरच्या ऑपरेशननंतर बाईचं ताट: काय, किती आणि कोणी वाढायचं

भिवंडीतली बाई कॅन्सरच्या ऑपरेशनसाठी निघाली की रस्ता अनेकदा परळच्या टाटा मेमोरियल हॉस्पिटलकडे जातो. ठाण्यापर्यंत किंवा कल्याणपर्यंत एसटी नाहीतर रिक्षा आणि पुढे लोकल. १९४१ साली सुरू झालेल्या ह्या हॉस्पिटलात देशभरातून पेशंट येतात. काहींना तिथून खारघरच्या केंद्रात पाठवलं जातं, काही जणी ठाणे-मुंबईतल्या दुसऱ्या दवाखान्यात ऑपरेशन करून घेतात. कुठेही झालं तरी घरचे लोक धावतात: तारखा, रिपोर्ट, योजनेचे कागद, रक्त देणारे, रात्री थांबणारे. मग डिस्चार्ज मिळतो. कागदावर औषधांच्या खाली शेवटची एक ओळ असते, 'भरपूर प्रथिनं असलेला आहार घ्या'. औषधं त्याच संध्याकाळी मेडिकलमधून येतात. ती शेवटची ओळ मात्र कागदावरच राहते, कारण तिचा अर्थ कोणी समजावून सांगितलेला नसतो. हा लेख त्या ओळीबद्दल आहे.

भारतात बायकांमध्ये सगळ्यात जास्त आढळणारे कॅन्सर म्हणजे स्तनाचा, गर्भाशयाच्या मुखाचा, अंडाशयाचा आणि तोंडाचा. चौघांचं ऑपरेशन वेगळं आणि त्यानंतरचं खाणंही थोडं वेगळं. पण पाया एकच आहे, म्हणून आधी तो पाहू.

ऑपरेशननंतर शरीर काय मागतं

मोठं ऑपरेशन झालं की शरीर दुरुस्तीच्या कामाला लागतं. जखम भरायची, नवी कातडी आणायची, जंतूंशी लढायचं, ह्या सगळ्याला लागतं प्रथिन, म्हणजे प्रोटीन. ते ताटातून आलं नाही तर शरीर स्वतःचेच स्नायू मोडून वापरतं. म्हणून दंड-मांड्या सुकतात, जिना चढवत नाही, टाके भरायला वेळ लागतो. गोष्ट इथेच थांबत नाही. ऑपरेशननंतर अनेकींना काही आठवड्यांत किमो किंवा रेडिएशन सुरू करायचं असतं. जखम भरली नसेल, वजन घसरलेलं असेल तर डॉक्टरांना तारीख पुढे ढकलावी लागते, कधी डोस कमी करावा लागतो. खाणं हा उपचाराचाच भाग आहे, असं डॉक्टर सांगतात ते ह्यासाठी.

किती लागतं? धडधाकट माणसाला वजनाच्या दर किलोमागे साधारण ०.८३ ग्रॅम प्रथिन पुरतं, असं आपल्याकडे हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचं माप आहे. कॅन्सरच्या पेशंटसाठी युरोपातल्या पोषणतज्ज्ञांच्या संघटनेचं माप आहे किलोमागे कमीत कमी १ ग्रॅम, आणि जमल्यास १.५ ग्रॅमपर्यंत. सोबत किलोमागे २५ ते ३० कॅलरी. म्हणजे ५० किलो वजनाच्या बाईला रोज ५० ते ७५ ग्रॅम प्रथिन आणि १२५० ते १५०० कॅलरी. (मूत्रपिंडाचा आजार असेल तर हे माप लागू नाही, डॉक्टर वेगळं सांगतील.)

आता आपल्या घरातल्या बाईचं नेहमीचं ताट बघा. सकाळी चहा आणि दोन पाव. दुपारी सगळ्यांचं झाल्यावर भात, पातळ डाळ, सालनातला रस्सा, बोटी उरली तर उरली. संध्याकाळी पुन्हा चहा. रात्री एखादी भाकरी आणि उरलंसुरलं. ह्याचा हिशोब केला तर प्रथिन जेमतेम २५ ते ३० ग्रॅम भरतं. म्हणजे गरजेच्या निम्मं. पोट भरलेलं असतं, म्हणून कोणाच्या लक्षात येत नाही. हंडीतला तुकडा आधी पुरुषांना, मग मुलांना, आणि बाईला शेवटी, ही सवय निरोगी असतानाही बरी नव्हती. ऑपरेशननंतर तर ती उघड नुकसान करते. गंमत अशी की मटण घरात शिजलेलं असतं, पैसे खर्च झालेले असतात, फक्त ज्या ताटात ते जायला हवं तिथे ते पोहोचत नाही.

घरातल्या वस्तूंतून हिशोब

एका अंड्यात साधारण ६ ग्रॅम प्रथिन. दुधाच्या पेल्यात (२०० मिली) ६ ते ७. घट्ट डाळीच्या वाटीत, म्हणजे मूठभर कच्ची डाळ शिजवलेली असेल तर, ७ च्या आसपास. शिजलेल्या चिकनचे दोन-तीन मध्यम तुकडे, हाड सोडून ७५ ग्रॅम मांस, म्हणजे जवळपास १८ ते २०. मासळी साधारण तेवढीच, थोडी कमी. दह्याच्या वाटीत ४. मूठभर शेंगदाणे किंवा फुटाणे ५ ते ६. दिवसाच्या भात-भाकरीतून मिळून १० ते १२. दोन अंडी, दोन पेले दूध, एक वाटी डाळ, एकदा चिकन किंवा मासळी, एक वाटी दही, मूठभर शेंगदाणे आणि नेहमीची भाकरी, एवढं पोटात गेलं की ६५-७० ग्रॅम झाले. ह्यात महागडा डबा कुठेच आला नाही. ज्या दिवशी मटण-मासळी नाही त्या दिवशी एक अंडं वाढवा, आणि मसूर-मुगाची आणखी एक वाटी किंवा सोयाबीनच्या वड्या घाला. सोयावड्यांच्या वजनात निम्मं प्रथिन असतं, आणि खिम्यासारख्या परतल्या तर मुलंही ओळखत नाहीत.

पाया आणि यखनीबद्दल स्पष्ट बोलायला हवं, कारण आजारी माणसासाठी आपल्याकडे पहिली आठवण त्यांचीच होते. गरम यखनी घशाला बरी वाटते, पाणी आणि मीठ पोटात जातं, भूक थोडी उघडते, हे सगळं खरं. पण वाटीभर गाळलेल्या यखनीत प्रथिन थोडंच असतं. पायातला चिकटपणा म्हणजे जिलेटिन. ते प्रथिनच, पण अपुरं, एकट्याने स्नायू बांधू शकत नाही. कस मांसात राहतो. म्हणून यखनी द्यायची तर मांस बारीक तोडून त्यातच घाला, किंवा मिक्सरमध्ये फिरवून दाट करा. त्या मानाने खिचडा आणि हलीम हे आपल्या स्वयंपाकातले खरे हुशार पदार्थ आहेत: गहू, डाळी आणि मांस एकत्र, मऊ, चावायला सोपे. तेल-तिखट कमी करून घरी केलेला खिचडा आजारी बाईसाठी उत्तम. बाजारातला नको. तलबीना, म्हणजे जवाची दुधातली खीर, आजाऱ्याला द्यायची म्हणून हदीसमध्ये आलेली आहे. दुधात शिजवून वर बदामाची पूड घातली तर सकाळच्या नाश्त्याला तीही चालते.

पेशंटला भेटायला येणारे लोक शहाळी, मोसंबी, डाळिंबं, ग्लुकोजची पाकिटं घेऊन येतात. शहाळ्यात आणि ग्लुकोजमध्ये प्रथिन जवळजवळ नसतंच. एका शहाळ्याच्या पैशात पाच-सहा अंडी येतात. भेटायला जाताना अंड्यांचा ट्रे घेऊन जाणं विचित्र वाटेल, पण तिच्या घरच्यांना त्याचा जास्त उपयोग होईल. डाळिंब आणि बीट लाल असतात म्हणून रक्त वाढतं, ही समजूतही तशीच. लोह जास्त करून मिळतं ते कलेजी, मटण, सुकट-जवळा, डाळी आणि पालेभाजीतून. सोबत लिंबू पिळलं तर अंगाला जास्त लागतं, जेवणावर लगेच चहा प्यायला तर कमी. कलेजी आठवड्यातून एकदा पुरे. सुकी मासळी प्रथिनांनी भरलेली असते, पण मीठही तितकंच, म्हणून ब्लडप्रेशर असेल तर धुऊन, भिजवून, थोडीच.

'हे देऊ नका, ते देऊ नका'

ऑपरेशन झालेल्या बाईच्या खाटेजवळ सल्ल्यांची कमी नसते. त्यातले तीन फार नुकसान करतात.

पहिला: अंडं-मटण गरम पडतं, टाक्यात पू होतो. पू होतो तो जंतूंमुळे. उलट प्रथिन कमी पडलं की जखम लवकर भरत नाही आणि जंतूंना वेळ मिळतो. डॉक्टरांनी खास मनाई केली नसेल तर अंडं आणि मांस बंद करायचं काही कारण नाही.

दुसरा: साखर आणि दूध कॅन्सरला पोसतात, म्हणून उपाशी ठेवा. शरीरातली प्रत्येक पेशी साखर वापरते, चांगलीही आणि वाईटही. खाणं तोडून गाठ उपाशी राहत नाही, बाई राहते. गोड कमी खावं हे ठीक, मधुमेह असेल तर रक्तातली साखर आटोक्यात ठेवणं जखमेसाठी गरजेचंच. पण त्यासाठी औषध-इन्सुलिनचं माप डॉक्टर बदलतात. ताट रिकामं करून ते काम होत नाही.

तिसरा म्हणजे काढे आणि कॅप्सुलं. कलौंजी चिमूटभर सालनात पडली तर काही बिघडत नाही, हळद तर रोजच पडते. पण कलौंजीच्या तेलाचे चमचे, हळदीच्या अर्काच्या गोळ्या, गुळवेलीचा काढा ह्या वेगळ्या गोष्टी आहेत. काही रक्त पातळ करतात, काही किमोच्या औषधात ढवळाढवळ करतात. गुळवेल घेतलेल्या लोकांच्या लिव्हरला इजा झाल्याचं मुंबईतल्याच डॉक्टरांनी २०२१ मध्ये नोंदवलं आहे. जे काही घेताय ते डॉक्टरांना दाखवा. लपवू नका, एवढंच.

एक जुनी सवयही सोडायला हवी: ताकद यावी म्हणून दुधात कच्चं अंडं फोडून देणं. किमोच्या काळात रक्तातल्या पांढऱ्या पेशी कमी होतात, तेव्हा कच्च्या अंड्यातून आलेले जंतू जिवावर बेतू शकतात. अंडं पूर्ण उकडलेलं किंवा दोन्ही बाजूंनी भाजलेलं हवं. पाणी उकळून गार केलेलं. गाडीवरची कापलेली फळं, उसाचा रस, बर्फाचा गोळा, उघड्यावरची चटणी सगळं बंद. फळ घरी धुवा, सोला, लगेच द्या.

ऑपरेशनच्या आधी आणि पहिले दिवस

पूर्वी मोठ्या ऑपरेशननंतर वारा सरेपर्यंत, म्हणजे आतडी पुन्हा चालू झाल्याची खूण मिळेपर्यंत, तीन-चार दिवस तोंडाला काही लावू देत नसत. डेन्मार्कचे सर्जन हेन्रिक केलेट यांनी १९९० च्या दशकात दाखवून दिलं की बऱ्याच पेशंटना लवकर खायला-प्यायला दिलं, लवकर चालवलं, तर ते लवकर बरे होतात. आता अनेक हॉस्पिटलांत त्याच धर्तीवर काम चालतं. भूल देण्याआधी सहा तास जड खाणं बंद, साधं पाणी दोन तास आधीपर्यंत चालतं. पण नेमकी वेळ तुमच्या भूलतज्ज्ञानेच सांगायची. 'रात्री दहापासून काही नाही' असं सांगितलं असेल आणि ऑपरेशन दुपारी असेल, तर पाण्याबद्दल पुन्हा विचारा. विचारल्याने कोणी रागावत नाही. रागावलंच तरी चालेल.

ऑपरेशनची तारीख मिळायला दोन-तीन आठवडे लागत असतील तर तो वेळ वाया जाऊ देऊ नका. त्या दिवसांत वजन टिकवलं, जमलं तर वाढवलं, तर पुढचं सगळं सोपं जातं. जी बाई बरेच दिवस जवळजवळ काहीच खात नव्हती तिला मात्र एकदम भरपूर खायला घालू नका. अचानक भरल्याने रक्तातले क्षार बिघडतात, तिथे हॉस्पिटलच्या देखरेखीखाली हळूहळू वाढवायचं असतं.

कुठलं ऑपरेशन, तसं ताट

स्तनाच्या ऑपरेशननंतर पोटाला धक्का लागलेला नसतो. बहुतेक जणी दुसऱ्या दिवशी नेहमीचं जेवतात. इथे अडचण वेगळी: काखेतल्या गाठी काढलेल्या असतील तर तो हात दुखतो, पीठ मळता येत नाही, हंडी उचलता येत नाही, गरम तव्याचा चटका त्या हाताला अजिबात नको. घरात दुसरी बाई नसेल तर ती स्वयंपाकच टाळते आणि चहा-बिस्किटावर दिवस काढते. पुढे काही महिन्यांनी उलटा प्रश्न येतो. किमोतल्या स्टिरॉइडमुळे, हालचाल कमी झाल्यामुळे आणि पाळी लवकर गेल्यामुळे वजन वाढायला लागतं. वाढलेलं वजन हाताच्या सुजेलाही वाईट आणि आजार परतण्याच्या दृष्टीनेही. तेव्हा प्रथिन तेवढंच ठेवून तेल, पाव, खारी, मिठाई कमी करायची आणि रोज चालायचं. लेट्रोझोलसारख्या गोळ्या चालू असतील तर हाडं ठिसूळ होतात, म्हणून दूध-दही आणि डॉक्टरांनी लिहिलेलं कॅल्शियम, 'ड' जीवनसत्त्व चुकवू नका. चाळीच्या खोलीत दिवस काढणाऱ्या बाईच्या अंगाला ऊन लागतच नाही, हेही डॉक्टरांच्या कानावर घाला. सोयाबीन खाल्ल्याने स्तनाचा कॅन्सर वाढतो असं बऱ्याच जणी ऐकतात. जेवणातल्या सोयाबीनला हरकत नाही, सोयाच्या अर्काच्या गोळ्या मात्र नकोत.

गर्भाशयाच्या किंवा अंडाशयाच्या ऑपरेशनमध्ये पोट उघडलेलं असतं. सुरुवातीला पाणी, पेज, ताक, मग मऊ खिचडी, मऊ भात आणि घोटलेली डाळ, उकडलेलं अंडं, काट्याविना मासळी. तीन मोठ्या जेवणांऐवजी सहा लहान. दुखण्याच्या गोळ्या आणि लोहाच्या गोळ्या दोन्हींमुळे बद्धकोष्ठ होतं. पाणी वाढवा, पिकलेली पपई, भिजवलेले मनुके द्या, थोडं चालवा. आतड्याचा तुकडा काढलेला असेल किंवा पोटावर पिशवी लावलेली असेल तर पहिले काही आठवडे उलट चोथा कमी हवा: कच्ची कोशिंबीर, सालं, बिया, मका, अख्खी कडधान्यं नकोत. दोन बायकांचं ऑपरेशन ऐकायला सारखं वाटलं तरी हा फरक असू शकतो. म्हणून शेजारणीचा डाएटचा कागद बघून आपल्याकडे लागू करू नका.

गर्भाशयाच्या मुखासाठी ओटीपोटावर रेडिएशन असेल तर ते साधारण पाच आठवडे, आठवड्यातून पाच दिवस चालतं. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यापासून जुलाब लागतात. मग तिखट आणि तळलेलं बंद, दूध कमी करून दही-ताक, भात, केळं, शिजवलेलं सफरचंद, मुगाची डाळ, अंडं, आणि ओआरएसचं पाणी. जुलाब लागले म्हणून नुसत्या लिंबूपाण्यावर ठेवलं तर पंधरा दिवसांत चार किलो वजन उतरू शकतं.

सगळ्यात अवघड तोंडाच्या कॅन्सरचं ऑपरेशन. आपल्याकडे बायका तंबाखू खात नाहीत असं म्हणतो, पण मशेरी कितीतरी घरांत आहे, आणि मशेरी म्हणजे भाजलेली तंबाखूच. ऑपरेशननंतर ती पुन्हा हातात येता कामा नये, 'दात साफ करायला' म्हणूनही नाही. जबडा किंवा जीभ ह्यांचा भाग काढल्यावर काही आठवडे नाकातून पोटात गेलेल्या नळीने अन्न द्यावं लागतं. घरच्यांना ती नळी बघूनच भीती वाटते, आणि भीतीपोटी पाणी, ज्यूस आणि पातळ दूध एवढंच जातं. नळीतूनही पूर्ण जेवण जाऊ शकतं: दूध, पूर्ण शिजवलेलं अंडं, घोटलेली डाळ, मऊ भात किंवा नाचणीची पेज, चमचा-दोन चमचे तेल, सगळं मिक्सरमध्ये अगदी बारीक करून गाळून. माप हॉस्पिटलचे आहारतज्ज्ञ लिहून देतात. ते मागून घ्या. साधारण दर दोन-तीन तासांनी २०० ते २५० मिली. नळीवरची खूण नाकाशी आहे त्या जागीच आहे ना, हे आधी बघायचं. पेशंट बसलेली किंवा डोकं-पाठ नीट उंच. पिचकारीने जोर लावायचा नाही, हळूहळू, वीस मिनिटं तरी. नंतर ३० ते ५० मिली उकळून गार केलेलं पाणी, नाहीतर नळी चोंदते. त्यानंतर अर्धा-पाऊण तास आडवं करायचं नाही. केलेलं मिश्रण फ्रिजबाहेर दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नका, भिवंडीच्या उन्हाळ्यात त्याहूनही कमी. नळी निसटली तर घरी परत घालायचा प्रयत्न कोणीही करू नये.

नळी निघाल्यावर तोंड नीट उघडत नाही, तोंड येतं, थुंकी आटते. शिरा, मऊ खिचडी, दह्यात कालवलेला भात, अंड्याची भुर्जी मऊ करून, मासळी कुस्करून, असं हळूहळू पुढे. जबडा उघडण्याचे व्यायाम सांगितलेले असतात. ते चुकले तर नंतर चमचासुद्धा आत जात नाही.

जेवण जात नाही तेव्हा

'खा, खा' म्हणून बाई खात नाही. किमोमध्ये तोंडाला लोखंडासारखी चव येते, फोडणीच्या वासाने उलटी होते. ती झोपली असताना किंवा शेजारच्या खोलीत स्वयंपाक करा, जेवण कोमट किंवा गार द्या, स्टीलच्या चमच्याऐवजी प्लास्टिकचा द्या, जखम नसेल तर वर लिंबू पिळा. जेवणाआधी मीठ आणि खाण्याचा सोडा घातलेल्या पाण्याने चूळ भरायला लावा. भूक सकाळी बरी असते, म्हणून दिवसातलं भारी खाणं सकाळीच. थोडंसंच जात असेल तर त्या थोड्यातच कस घाला: पेजेत दुधाची पावडर आणि तूप, भातात अंडं, चहाऐवजी दूध. प्रोटीनचा डबा वाईट नाही, पण तो ह्याच्या नंतर. मधुमेह असेल तर कोणता घ्यायचा ते विचारा. जिलेटिनची शंका असेल तर डब्यावरचा हिरवा ठिपका बघा, तो शाकाहारी असल्याची खूण आहे. कॅप्सुलीबद्दल शंका असेल तर त्याच औषधाची गोळी किंवा पातळ औषध मिळतं का, हे डॉक्टरांना विचारा. परस्पर बंद करू नका.

रमजानमध्ये हा विषय नाजूक होतो. आयुष्यभर रोजे ठेवलेल्या बाईला रोजा सोडायला सांगितलं की तिला अपराधी वाटतं, आणि काही जणी घरच्यांना न सांगता ठेवतात. आजाऱ्याला सवलत कुरआनातच आहे, सूरह बकराच्या १८४ आणि १८५ व्या आयतीत: बरं झाल्यावर दुसऱ्या दिवसांत पूर्ण करा. ऑपरेशनची जखम ओली असताना किंवा किमो-रेडिएशन चालू असताना चौदा तास पाण्याविना राहणं धोक्याचं आहे. फिदियाचा आणि कजाचा मसला आपल्या आलिमांना विचारावा, तब्येतीचा डॉक्टरांना. दोघांची उत्तरं सहसा भांडत नाहीत. घरच्यांनी एवढं करावं: दुपारी तिच्यासाठी वेगळं ताट न कुरकुरता वाढावं, आणि सगळ्यांसमोर 'हिचा रोजा नाही' म्हणून बोलू नये.

पैसा आणि प्रवास

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत आता कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंतचं संरक्षण आहे आणि रेशनकार्डाच्या रंगाची अट राहिलेली नाही. पॅकेजमध्ये भरती असतानाचं जेवण धरलेलं असतं. पण डिस्चार्जनंतरचे तीन महिने, जेव्हा दूध-अंड्यांचा खरा खर्च होतो, ते घरावरच. टीबीच्या पेशंटला सरकार पोषणासाठी महिन्याला पैसे देतं, आधी ५०० आणि नोव्हेंबर २०२४ पासून १०००. कॅन्सरच्या पेशंटसाठी तशी देशभराची योजना नाही. माल नसला की यंत्रमाग बंद राहतो, आणि माग बंद तर मजुरी बंद. मग दूध अर्ध्यावर येतं. ते पहिल्यांदा कोणाच्या पेल्यातून कमी होतं, हे सांगायला नको. मोहल्ल्यातल्या कमिट्या औषधांसाठी मदत करतात. गरजू घराला जकात-सदक्यातून तीन महिन्यांचं दूध आणि अंडी बांधून देता येतील, दूधवाल्याला परस्पर पैसे देऊन. रक्कम फार मोठी नाही.

तपासणीच्या दिवशी पहाटे निघून संध्याकाळी परतायचं असतं. रक्ताच्या किंवा स्कॅनच्या तपासणीसाठी उपाशी यायला सांगितलं असेल तर तपासणी झाल्या झाल्या खाता येईल असा डबा सोबत हवा: उकडलेली अंडी, चपाती, केळी, फुटाणे, पाणी. कॅन्टीनच्या रांगेत उभं राहायची ताकद तिच्यात नसते. मुंबईच्या लोकलमध्ये अपंगांच्या डब्यातून कॅन्सरच्या पेशंटला जाता येतं, हॉस्पिटलचे कागद जवळ ठेवा.

दर आठवड्याला एकाच दिवशी, एकाच काट्यावर, सकाळी वजन करा आणि फाइलच्या मागच्या पानावर लिहा. महिन्यात वजन शेकडा पाचने उतरलं, म्हणजे ६० किलोच्या बाईचं ३ किलो, तर पुढच्या तारखेची वाट न बघता डॉक्टरांना आणि आहारतज्ज्ञांना भेटा. ताप १००.४ च्या वर गेला, दिवसभर पाणीही पोटात राहिलं नाही, पोट फुगून वारा-शौच बंद झालं, जखमेतून वास किंवा पू येऊ लागला, किंवा मानेच्या ऑपरेशननंतर नळीच्या बाटलीत दुधासारखं पांढरं पाणी दिसलं, तर त्याच दिवशी हॉस्पिटलला फोन करा. परळ लांब पडत असेल तर आधी जवळच्या हॉस्पिटलात न्या. डिस्चार्जचा कागद, औषधांची यादी आणि ते वजनाचं पान बरोबर घ्या.